चार बोटं लोखंड

पांगरटोला कॅम्प,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

आते,

पोचले. आठवडा झाला, जिवंत आहे. तू म्हणालीस पोचल्याबरोबर फोन कर, पण इथं फोन म्हणजे नुसता फोटो काढायचा डबा. रेंज हवी तर जीपनं अठरा किलोमीटर तालुक्याला जायचं. आणि रेंज मिळाली तरी तुला काय ऐकू जाणार? वीस वर्षं त्या मसाल्याच्या कांडपाशेजारी बसून तुझे कान पार कुटून निघालेत. म्हणून पत्र. दर शनिवारी जीप भाजी आणि टपाल आणायला जाते, तेव्हा तुझंही येऊ दे.

शेजारच्या शांता वहिनी विचारतील, पोर खाणीत उतरते का? नाही म्हणून सांग. आम्ही खणत नाही, नुसतं चालतो. जमिनीखाली तांबं असलं तर त्याच्या सोबतीला बरेचदा एक काळं लोखंडी खनिज असतं. ते खाली असलं की वरची चुंबकशक्ती जराशी बदलते. ती मोजायचं यंत्र पाठीवर बांधायचं. त्याची काठी डोक्यामागून उंच जाते आणि टोकाला पांढरा डबा असतो. दहा पावलं चालायचं, थांबायचं, आकडा घ्यायचा, परत दहा पावलं. एक रेघ उत्तरेला दीड किलोमीटर, मग जरा बाजूला सरकून दुसरी दक्षिणेला परत. शेत नांगरल्यासारखं. शेवटी सगळ्या आकड्यांचा रंगीत नकाशा होतो आणि बोअर कुठं मारायची ते त्यावरून ठरतं.

हा नकाशा माझा आहे, आते. पहिला. कोपऱ्यात माझं नाव येणार. आमचे मुख्य गंगाधर सर दादरचे आहेत, पुस्तकातल्यासारखं बोलतात आणि कधी हसत नाहीत. त्यांनी स्वच्छ सांगितलंय, नकाशा चोख निघाला तर नोकरी कायम, नाहीतर सहा महिन्यांनी रामराम. म्हणजे परत तुझ्या शेजारी मिरच्यांची देठं खुडायला.

एकच कटकट आहे. अंगावर लोखंडाचा कणही चालत नाही, यंत्र फसतं. पट्टा, किल्ल्या, केसांच्या पिना, घड्याळ, आतल्या कपड्यांचे हुकसुद्धा काढून नाड्या लावल्यात. माझ्यासोबत मयूर आहे, गिरगावचा, त्याच्या बुटांना नाडीची लोखंडी घरं होती तर तो बिचारा पहिले चार दिवस रबरी चपलांत चालला. तुझ्या टोपीला मात्र शंभर मार्क. बटण नाही, क्लिप नाही, सगळी जुन्या लुगड्याची. फक्त पुढची झालर किती जाड आणि कडक केलीस गं! कॅनव्हास घातलंस का?

जेवते. झोपते. काळजी करू नकोस, म्हणजे तू करणारच.

दर्शना

*

लालबाग,
शुक्रवार, २४ जानेवारी

दर्शना,

पत्र पोचलं. आधी शिव्या देते, आशीर्वाद जागा उरली तर.

अंगावरचं सगळं लोखंड काढून घेऊन रानात फिरवतात तुम्हाला? त्या साहेबाला घरदार आहे की नाही? आपल्यात पाच दिवसांच्या बाळाच्या उशाला कोयती ठेवतात. बाळंतीण मोरीपर्यंत जायची तर हातात विळा घेऊन जाते. आणि हे शिकलेले लोक वयात आलेल्या मुलीला भर बारा वाजता झाडाझुडपांत सोडतात, हुकसुद्धा काढून! हसतेस ना? हस. रानात काय असतं ते मीही बघितलेलं नाही. पण न बघितलेल्यालाच तर जपून असावं लागतं गो.

टोपी आवडली ना? बरं. होय, कॅनव्हास आहे. उन्हानं झालर वाकू नये म्हणून जाड घातलं. आता नीट ऐक. ती उसवू नकोस. पिळून धुऊ नकोस, शिवण कच्ची आहे. कुणाला देऊ नकोस. आणि चालताना डोक्यावरून काढायची नाही, तुला माझ्या गळ्याची शपथ.

इथं सगळं ठीक. शांता वहिनी विचारत होत्या, सोनं सापडलं का? मी म्हटलं तांबं शोधतायत, तर म्हणाल्या, मग एवढं लांब कशाला, भांडीवाल्याकडे मिळतं. कांडपावर आता गिऱ्हाइकं यायला लागली आहेत. बायका माझ्या कानाशी ओरडतात, मी त्यांच्या कानाशी ओरडते, आणि मसाला आपला होतो. तुझं अभ्यासाचं टेबल हलवलेलं नाही. त्यावर फक्त पापड वाळत घातलेत.

सगळे नको म्हणत असताना तुला मी ठेवून घेतलं ते काय रानात हरवायला नाही. जपून चाल. आज शुक्रवार, देवाला तुझ्या नावानं गाऱ्हाणं घातलंय.

आते

*

पांगरटोला,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आते,

डोकं फिरायची पाळी आली आहे. कुणाशी बोलू? तुझ्याशीच.

अर्धी जमीन चालून झाली. सरांनी आकडे कॉम्प्युटरवर टाकून कच्चा नकाशा काढला. नकाशा कसला, चटईच! एक पट्टा तांबडा, एक निळा, एक तांबडा, एक निळा, सरळ रेषेत. मी उत्तरेला तोंड करून चालले की आकडे चाळीस-पन्नासनं चढतात, दक्षिणेला वळले की तेवढेच उतरतात. जमिनीखालचं कुठलंच खनिज असं शिस्तीत झोपत नाही. म्हणजे दोष वरचा. यंत्राचा किंवा माझा.

यंत्राचा असावा म्हणून मी देवाला नवस बोलणार होते. मग सरांनी यंत्रं बदलून दिली. माझं मयूरला, मयूरचं मला. पट्टे माझ्यामागे आले. मयूर त्याच यंत्रानं चालला तर त्याचा भाग एकदम स्वच्छ, गुळगुळीत. मी चालले की चटई!

सगळं तपासलं. नाड्या मोजल्या. दाताला चांदी भरलीय ती चुंबकाला लागत नाही. चष्म्याची फ्रेम प्लास्टिकची. मयूर म्हणतो, तुझ्या रक्तातच लोखंड जास्त आहे, तू बीट खाणं सोड. तो हसवायला म्हणतो, पण मला रडू येतं.  पाय दुखत नाहीत, चालायला कंटाळा नाही, मन मात्र एका जागी ठरत नाही. रेघ संपली की मागं वळून बघते, कोण येतंय का माझ्यामागून आकडे हलवत.

हे वाक्य फक्त तुझ्यासाठी, शांता वहिनींना वाचून दाखवू नकोस.

टोपी डोक्यावरच आहे, शपथ मोडलेली नाही. ऊन फार वाढलंय, तिचाच काय तो आधार.

दर्शना

*

लालबाग,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दर्शना,

पत्र मिळालं. तब्येत बरी आहे ना? आमची बरी आहे.

कांडपावर गर्दी. काल एका बाईचा मसाला दुसरीच्या डब्यात गेला. माझं लक्ष नव्हतं. मालकानं विचारलं, मालनबाई, बरं नाही का?

एक असंच विचारते. चार बोटं लोखंड असलं, म्हणजे पातळच, जाड नाही, तर कळतं का गो तुमच्या यंत्राला? शांता वहिनीच्या वैभवनं विचारलं होतं. त्याला सायन्सचं वेड.

आणि दुसरं. ते पट्टे येतात म्हणून साहेब तुला ओरडला का? ओरडणार का? नोकरी जाईल असं काही बोलला का? नीट लिही. फिरवून फिरवून लिहू नकोस.

बाकी ठीक.

आते

*

तालुक्याची टपाल कचेरी,
शनिवार, २२ फेब्रुवारी

आते,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. जीपमध्ये गॅसचे सिलिंडर चढतायत, तेवढ्या वेळात बाकावर बसून लिहितेय. अक्षर गोड मानून घे.

वैभवला सांग, चार बोटं म्हणजे यंत्राच्या हिशेबात रुळाचा तुकडाच झाला. तेवढं अंगावर असलं तर मलाच कळणार नाही का?

तू नीट लिही म्हणालीस, नीट लिहिते. सरांनी माझी चाचणी घेतली. पहाटे, उन्हाच्या आधी, कारण तेव्हा चुंबकशक्ती शांत असते. मैदानात एका खुंटीपाशी उभं केलं. उत्तरेला तोंड, पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला. प्रत्येक वेळी आकडा सारखा! कुठंही चढउतार नाही. मी आनंदानं उडी मारणार तेवढ्यात सरांचा चेहरा पाहिला. ते म्हणाले, "यंत्र निर्दोष आहे. तुम्हीही निर्दोष आहात. मग दिवसा जे आकडे येतात ते कुठून येतात?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आते. त्यांना वाटतं मी चालतच नाही. झाडाखाली बसून मनानं आकडे घालते! एक रेघ थोडी वर, एक रेघ थोडी खाली, खरं वाटावं म्हणून. मी म्हटलं, सर, माझ्या टाचा बघा. ते म्हणाले, "टाचा हा पुरावा होत नाही."

माझ्यावर आजवर आळशी म्हणून कुणी बोट ठेवलेलं नाही. उद्धट म्हटलेलं चालेल, खोटं म्हटलेलं नाही चालत. तेव्हापासून धड जेवलेले नाही.

आता चालणं बंद. तंबूशेजारी एक यंत्र दिवसभर एकाच जागी ठेवलेलं असतं, त्याच्यावर माशा हाकत बसते. माझी राहिलेली जमीन मयूर चालतोय. त्याचं डोकं भाजून निघतं म्हणून टोपी त्याला दिली. रागावू नकोस, मला आता सावलीतच बसायचंय. शनिवारी, ८ मार्चला नागपूरचे मोठे साहेब येतायत. दुपारी चारला बैठक. त्यात माझा निकाल.

जीप हॉर्न देतेय.

दर्शना

*

लालबाग,
शनिवार, १ मार्च

दर्शना,

बस. आधी खाली बस आणि मग वाच.

टोपीच्या झालरीत कॅनव्हास नाही. लोखंड आहे. चार बोटं. मी शिवलंय.

काल तुझं पत्र आलं. वैभवला सांगून तुझा फोन सतरा वेळा लावला. तो म्हणतो लागत नाही. तालुक्याच्या पोस्टाचा नंबर शोधला तर तिथं कुणी उचलत नाही. मी स्वतः निघणार होते. वैभवनं नकाशा दाखवला, म्हणाला, काकी, तुम्ही पोचेपर्यंत पत्र आधी पोचेल. म्हणून स्पीडपोस्ट करतेय. आठ तारखेच्या आत मिळू दे रे देवा म्हाराजा.

आपली दाराआडची कोयती आठवते ना? गावाहून आणलेली. तू पाच दिवसांची होतीस तेव्हा तुझ्या उशाला हीच होती. तू निघायच्या आधी आठ दिवस मी ती चिंचपोकळीला एका वर्कशॉपात नेली आणि टोक कापून घेतलं. तिथल्या माणसानं कानशीनं धार घासून टाकून सपाट करून दिलं. मला विचारलं, मावशी, हे कशाला? मी म्हटलं, शोकेसला. निघताना तू देवाला नमस्कार केलास, दाराआड लटकलेली कोयती बोथट झालीय ते तुझ्या लक्षातही आलं नाही.

पहिल्याच पत्रात तू लिहिलंस की लोखंड चालत नाही. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. उलट मनात म्हटलं, बरी फसवली त्या साहेबाला! पट्ट्यांचं पत्र आलं तेव्हा कळलं, तरी म्हटलं, आणखी एक आठवडा जाऊ दे, दुसरं काही कारण निघेल. वैभवनं काही विचारलं नव्हतं. ते मीच विचारलं होतं. आणि तू मनानं आकडे घालतेस असं कुणी म्हणावं? तुला? जीभ झडो त्याची. नको, त्याची कशाला, माझीच.

आता का केलं ते सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा बाप रघुवीर कॉटन ग्रीनला गोदामावर वॉचमन होता. त्या गोदामांमागची वाट चांगली नाही असं सगळेच म्हणायचे. मी रोज त्याच्या वर्दीच्या खिशात खिळ्यांच्या डब्यातला एक खिळा टाकायचे. तो हसायचा, पण काढायचा नाही. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. एके दिवशी म्हणाला, दर्शनाला गावी चुलत्याकडे ठेवू आणि तुझं लग्न उरकू, किती दिवस पोर सांभाळत बसणार? मी म्हटलं, पोर कुठं जाणार नाही. तो म्हणाला, तुझी आहे का ती?

ते मला लागलं. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जेवणाचा डबा बांधून द्यायचे, पण आठ दिवस खिळा टाकला नाही. मुद्दाम. आठव्या दिवशी ड्यूटीवरच त्याला भोवळ आली, तसाच वर्दीत हॉस्पिटलात नेला, आणि चार दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले गोदामात तुंबलेल्या पाण्यातला ताप. मला कळतं ते, मी सातवी शिकलेय. पण खिळा मी टाकला नव्हता हेही मला कळतं. अठरा वर्षं झाली, दर्शना. एक दिवस असा नाही की ते डोक्यातून गेलं.

मग तुला मोकळी कशी पाठवणार होते?

सोबत साहेबांना वेगळा कागद लिहिलाय. त्यांना दे. त्यात लिहिलंय की, "साहेब, मुलगी खरी आहे, टोपी खोटी आहे, आणि टोपी मी शिवली आहे. काय बोलायचं ते मला बोला. श्रीमती मालन, कांडप कामगार, लालबाग." माझी लाज वाटली तर देऊ नकोस. पण दे.

आते

*

पांगरटोला,
रविवार, ९ मार्च

आते,

पत्र पोचलं. काल दुपारी दोनला जीप आली, चारला बैठक.

जीपला टेकून उभ्याउभ्याच वाचलं. बस म्हणालीस, बसले नाही. मला इतका राग आला की तू समोर असतीस तर मी काय बोलले असते मला माहीत नाही. दोन महिने! माझ्या पायांचे दोन महिने, माझी झोप, माझं नाव. आणि तू लालबागला बसून शिवण उसवू नकोस म्हणून शपथा घालतेस! हा राग अजून गेलेला नाही. जाईल, पण आज नाही. तुला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते.

इथं काय झालं होतं ते ऐक. टोपी दिल्यापासून मयूरच्या रेघांतही पट्टे यायला लागले. मंगळवारी सरांनी ते पाहिलं. मला वाटलं, सुटले! पण सरांना वाटलं, मैत्रिणीला वाचवायला आता हाही आकडे बनवतो. म्हणजे माझ्याबरोबर त्याचीही नोकरी जायची वेळ. त्याच्या घरी गिरगावात आजारी वडील आहेत. दोन दिवस तो विनोद करायचा थांबला.

तुझं पत्र वाचून मी मयूरकडून टोपी घेतली, तंबूत गेले, ब्लेडनं झालर उसवली. तुकडा बाहेर आला. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, वर हळदीचं बोट. मी तो हातात घेऊन बसले. एकदा मनात आलं, सांगू या की टोपी बाजारातून घेतली, आत कसलीशी पट्टी निघाली. तुझं हसं होणार नाही, माझंही. कुणाला कळणार होतं? पण मला खोटी म्हटल्यावर मी पंधरा दिवस धड जेवले नव्हते. खरी ठरायला आणखी एक खोटं कसं बोलू?

बैठकीत सगळं सांगितलं. कोयती, रान, बाळाची उशी, सगळं. नागपूरचे साहेब हसले. गंगाधर सर हसले नाहीत. त्यांनी तुकडा टोपीत परत घातला, मयूरला ती घालून खुंटीपाशी उभं केलं. उत्तरेला आकडा वर, दक्षिणेला खाली. टोपी काढली, आकडा सरळ.  मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचणी मी पहाटे घेतली. पहाटे कुणी टोपी घालत नाही. ही चूक माझी." आणि माझ्याकडे, मग मयूरकडे वळून म्हणाले, "मी तुमच्यावर अविश्वास दाखवला, त्याबद्दल क्षमा मागतो." तुझा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि फाईलला लावला. म्हणाले, अहवालाला पुरावा लागतो. तू आता सरकारी कागदात गेलीस!

नकाशावर नाव माझंच राहणार. पण टोपी घालून चाललेली एकही रेघ धरायची नाही. सगळं परत चालायचं, एप्रिलच्या दहाच्या आत. मयूर स्वतःहून म्हणाला, निम्मं मी चालतो. उद्या सुरुवात. जीप डिझेलला जातेय, तिच्याबरोबर हे पत्र टाकते.

आता दुसरं. 

आते, बाबांच्या खिशात खिळा होता.

मी टाकायचे. तुमचं भांडण झालं तेव्हा मी मोरीत कपडे भिजवत होते, सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं की तू खिळ्यांचा डबा उघडलाच नाहीस. मला वाटलं बाबांना काही झालं तर मला गावी पाठवतील. म्हणून रोज ते बूट घालायला वाकले की मी डब्यातला एक खिळा त्यांच्या वर्दीच्या डाव्या खिशात टाकायचे. ते बघायचे आणि खिळा तसाच राहू द्यायचे. एकदा गालाला हात लावला होता. आठही दिवस टाकला. शेवटच्या दिवशी घाईत वाकडा खिळा हाताला आला. नववीत जाईपर्यंत मला वाटत होतं की मी वाकडा टाकला म्हणून बाबा गेले.

ते गेल्यावर तू रडत म्हणायचीस, माझ्यामुळे गेला, माझ्यामुळे गेला. मला वाटायचं भांडणाबद्दल म्हणतेस. खिळ्याबद्दल म्हणतेस हे मला काल कळलं. आधी कळलं असतं तर आधीच सांगितलं असतं गं! आपण दोघी एका खोलीत अठरा वर्षं एकाच खिळ्यावर झोपलो आणि एकमेकींना सांगितलं नाही.

हॉस्पिटलानं दिलेली त्यांच्या वर्दीची पिशवी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे. तू ती कधी उघडली नाहीस. उघड. डावा खिसा बघ.

मग तुला काय वाटेल मला ठाऊक नाही. लोखंड जवळ असून बाबा गेले, हे तुला बरं वाटेल की वाईट, तेही कळत नाही. पण खरं आहे.

दर्शना

*

लालबाग,
सोमवार, १७ मार्च

दर्शना,

पत्र शनिवारी आलं. त्या दिवशी ट्रंकेकडे बघितलंच नाही. काल वैभवला शिडी धरायला लावली आणि मीच चढले. शांता वहिनी खालून ओरडत होत्या, पडाल, पडाल. मला कुठं ऐकू येतंय.

पिशवीची गाठ सुटेना, दातानं सोडली. वर्दी घडी करून ठेवलेली, कुणा नर्सनं केली असेल. डाव्या खिशावर विटकरी डाग होता. आत हात घातला. खिळा कापडाला चिकटून बसला होता, गंजून. ओढला तर कापडाचा तुकडा घेऊनच आला.

वाकडाच आहे गो.

मी खूप रडले. माळ्यावरच बसून. वैभव घाबरला, खाली येऊन बसा काकी म्हणाला. मी म्हटलं, थांब रे जरा, अठरा वर्षांनी बसलेय.

तू विचारलंस बरं वाटेल की वाईट. दोन्ही वाटलं. लोखंड असून तो गेला म्हणजे लोखंडात काही नव्हतं, असं तू म्हणणार. असेल. मला अजून तसं म्हणवत नाही, या वयात एकदम नाही जमायचं. पण तो मोकळ्या खिशानं गेला नाही, एवढं मला पुरे. त्याच्या लेकीनं टाकला होता आणि त्यानं राहू दिला. हसत हसत का होईना, राहू दिला.

आणि तुझा त्यात काही दोष नाही. वाकडा असो नाहीतर सरळ. नऊ वर्षांची होतीस. ऐकलंस? मोठ्यानं म्हण एकदा.

तुझ्या रागाचं लिहिलंस ते बरं केलंस. राग ठेव हवा तेवढा. मी फसवलं तुला, ते काही कोयतीवर ढकलणार नाही. साहेबानं चूक कबूल केली ना, मग माझीही घे.

तो चार बोटांचा तुकडा परत पाठवू नकोस. रानात कुठं टाकूही नकोस, नाहीतर उद्या तुमचंच यंत्र त्याला तांबं म्हणेल. येताना घेऊन ये. कोयती आणि खिळा शेजारी शेजारी ठेवू.

सोबतच्या पार्सलात नवी टोपी आहे. या वेळी झालरीत कॅनव्हास खरोखरचं आहे. शिवताना सुई मोडली, तर तिचं टोक मिळेपर्यंत अर्धा दिवस लादी चाचपत बसले. मिळालं, डब्यात ठेवलं. मग टोपी घेऊन चिंचपोकळीला त्याच वर्कशॉपात गेले आणि त्याच्याकडून लोहचुंबक फिरवून घेतलं. आतून, बाहेरून, झालरीवर तीनदा. तो म्हणाला, मावशी, काही नाही यात. मी म्हटलं, परत एकदा बघ.

आत काही नाही, दर्शना. घाल आणि चाल.

आते